कौसाक्का, लाकूड कोण ओढणार?

अक्का, खाल्लं! तुमच्या दिपानं खाल्लं! अख्खी भाकरी, वर आणखी अर्धी, दोन अंडी, आणि बटाटे तर मी मोजलेच नाहीत, कारण लेकराच्या ताटातलं मोजू नये, नजर लागते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. आणि सगळं पोटात राहिलं, अक्का! उलटी नाही, मळमळ नाही, मोरीकडे धावणं नाही. मी हात न धुता, रश्श्यानं माखलेल्या बोटांनी, तशीच पळत घरात शिरले, आधी तुम्हाला सांगायचं म्हणून. तुमच्या खोलीच्या उंबऱ्याशी पोचले तेव्हा आठवलं. मग तिथंच चौकट धरून रडले, पदरानं डोळे पुसले आणि परत आले. पण एवढी मोठी बातमी पोटात दाबून कशी ठेवायची? म्हणून लिहायला बसले.

तुमची तेरवी होऊन थोडेच दिवस झालेत. त्या दिवशी माणसं येत होती, बसत होती आणि प्रत्येकजण तेच म्हणत होता, ‘लई गरीब बाई, कधी कोणाला वर तोंड करून बोलली न्हाई.’ अक्का, मला एवढ्या दुःखात हसू फुटायची पाळी आली. कोणाला बोलली नाही! मला तर रोज बोलायच्या! घराच्या मागच्या अंगणातल्या त्या चुलीपाशी आपण दोघी जावांनी जितकं भांडण केलं तितकं उभ्या कुरुंदा गावात कोणी केलं नसेल. आणि भांडणसुद्धा कसं, तर मी धाकटी म्हणून ‘अहो-जाहो’ करत. ‘अक्का, तुमाला काय कळतं का?’ असं म्हणायचं, पण म्हणायचं ‘तुमाला’. शेजारची सून एकदा मला म्हणाली, तुमचं भांडण ऐकलं की हरिपाठ ऐकल्यासारखं वाटतं, शब्द पाठ झालेत. खरं होतं तिचं. एकच भांडण होतं ते, तेच ते आणि तेच ते.

आपल्या घरात अंडं शिजायचं नाही. मामंजी, म्हणजे आपले आबा, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आहे तोवर घरच्या चुलीला अंड्याचा स्पर्श नको, हा त्यांचा नेम, आणि तो आपण कधी मोडला नाही. पण आबांचं मनही मोठं. ‘घरात नको, मागं काय करायचं ते करा, लेकरायचं तोंड काहून बांधता?’ असं तेच म्हणाले होते. म्हणून गोठ्याच्या भिंतीला लागून वेगळी चूल, गोठ्यातल्या खुंटीला टांगलेलं वेगळं मडकं, वेगळी पळी, वेगळी ताटं. खाल्ल्यावर तिथंच धुवायचं, तिथंच टांगायचं, हातपाय धुऊन मग घरात. आबा त्या दिवशी पुढच्या ओसरीवर बसायचे, इकडे फिरकायचे नाहीत. त्यांची बटाट्याची भाजी घरातल्या गॅसवर वेगळी.

आणि त्या मडक्यात काय, तर अंडी आणि बटाटे. बस. तुमच्या हाताखाली अंड्याची आणखीही सोंगं व्हायची, ताप आला की अंड्याची पोळी, पाहुणे आले की कांदा-मिरचीत परतलेली, पण मडकं म्हटलं की अंडं-बटाटाच. कांदा अख्खा चुलीत सरकवायचा, वरून काळा कोळसा आणि आत मऊसूत झाला की सोलायचा. खोबऱ्याची वाटी इंगळावर धरायची. लसूण भरपूर, हळद आपल्याच शेतातली, आणि घट्टपणाला भाजल्या डाळी-मसाल्याच्या पिठाचा येसर, जो तुमच्या हातचा असला तरच चालायचा. बटाटे लहान, सालासकट. अंडी उकडून, सोलून, सुरीनं चार चिरा देऊन. इथपर्यंत आपलं एकमत.

मडकं चुलीवर चढलं की भांडण सुरू. तुम्ही बाभळीचं जाड लाकूड लावायच्या, जे जळतं की झोपलंय तेच कळत नाही. मला अंगणवाडी उघडायची घाई. मी मूठभर तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, घेऊन आत सारायची. भडका उडायचा, मडकं खदखदायचं, आणि तुम्ही दोन्ही हातांनी जळतं लाकूड बाहेर ओढायच्या.

‘काहून एवढा जाळ करून राहिली गं सुमन? हळू शिजू दे की. त्याला गाव सोडून कुठं जायचंय?’

‘त्याला न्हाई जायचं अक्का, मला जायचंय!’

‘मंग जा. तू आल्यावर बी ते हितंच राहील.’

मी जायची नाही. तुम्ही अंडी चिरायला मान खाली घातली की लाकूड पुन्हा आत. पुन्हा खदखद. पुन्हा तुम्ही ओढणार. तुमचं म्हणणं, धगीवरच ठेवलं पाहिजे, बटाट्याला रस्सा प्यायला वेळ पाहिजे. माझं म्हणणं, उकळीशिवाय तर्री कशी येणार आणि रस्सा दाट कसा होणार? मी लग्न होऊन हिंगोलीहून या घरात आले तेव्हापासून हा वाद सुरू आहे आणि तुम्ही तो अर्ध्यात टाकून गेलात. मला हे अजिबात पटलेलं नाही. भांडणाच्या मध्यात उठून जायची तुमची पद्धत नव्हती.

आत्ता गावात हळद शिजवायचा हंगाम आहे. शेतातल्या आखाड्यावर हळद वाफवायचा कुकर लागलाय, घरची गडीमाणसं तिकडंच असतात, आणि वाऱ्याबरोबर तो उकडल्या हळदीचा वास घरापर्यंत येतो. वास आला की मला तुमचं गाठोडं आठवतं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बटाटे बांधून तुम्ही ते हळदीबरोबर वाफेला सोडायच्या. हळदीचे मालक ओरडायचे, हळदीचा माल हाय, भाजीपाला न्हाई! तुम्ही ऐकल्यासारखं करायच्या. बटाटे आतपर्यंत पिवळे होऊन निघायचे, नुसतं मीठ लावून सगळे मजूर खायचे आणि ओरडणारे मालक सगळ्यात आधी हात पुढं करायचे. यंदा कोणी गाठोडं सोडलं नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. सगळ्यांच्या लक्षात आलं, म्हणून कोणी सोडलं नाही.

दिपाला सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणली तेव्हा तुमचा पाय जमिनीवर नव्हता. तिचं डोहाळेजेवण कुठं, हिरवी साडी कोणती, बाळंतिणीची खोली कोणती, सगळं ठरलेलं. आणि एका सकाळी चहा ठेवता ठेवता तुम्ही भिंतीला टेकून बसलात. तेवढंच. त्यानंतरचं मी लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

दिपा रडली नाही, अक्का. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेरवीला नाही. बायका कुजबुजायला लागल्या, पोरीचं मन दगडाचं. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटलं. पोरगी रडत नव्हती तशी जेवतही नव्हती. घास तोंडात फिरवायची आणि मोरीकडं धावायची. शेवटी मी तिला वसमतला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, असंच राहिलं तर भरती करून घ्यावं लागेल, बाळाचीही वाढ थांबेल. मी अंगणवाडीसेविका! अर्ध्या गावाच्या गरोदर लेकीसुनांना मी सांगते काय खा, किती खा. त्यांची वजनं मी करते. आणि आपल्याच घरातली लेक माझ्यासमोर वाळत चाललेली. परतीच्या रिक्षात मी तिला म्हणाले, दिपा, काय खावंसं वाटतं ते सांग, आभाळातलं असलं तरी आणते.  तिनं रिक्षाच्या बाहेर तोंड केलं आणि म्हणाली, ‘आईचं मडकं.’

मला आधी आनंद झाला. मग धास्ती वाटली. कारण ते मडकं मी एकटीनं कधी उतरवलंच नव्हतं.

पहिल्यांदा मी शहाणपणा केला. माझ्या पोरानं दिवाळीला पुण्याहून ते विजेवरचं मंद शिजवायचं भांडं पाठवलं होतं, आठवतं? तुम्ही त्याच्याभोवती मुलगी बघायला आल्यासारख्या फिरला होता. झाकण उचललं, वायर बघितली, आणि म्हणालात, ‘लाईट गेली तर?’ मी म्हणाले, येईल की. तुम्ही म्हणालात, ‘आली की सांग मला,’ आणि निघून गेलात. तेच भांडं मी गोठ्यात लांब वायर ओढून लावलं. मनात म्हटलं, अक्कांना मंदच पाहिजे होतं ना, घ्या, याच्याहून मंद काही नाही. दुपारी लाईट गेली. आली तेव्हा म्हशी घरी येत होत्या. बटाटे कोमट पाण्यात डुंबत होते. दिपानं एक घास घेतला, माझं मन राखायला गिळला, आणि तोही टिकला नाही. मी तुमच्या खोलीकडं बघून म्हणाले, हसा, हसून घ्या.

दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. आणि अक्का, मी तुमचं अक्षर न् अक्षर पाळलं! बाभळीचं लाकूड लावलं, मडकं चुलीवरही नाही, कडेच्या वैलावर ठेवलं, जिथं जाळ पोचत नाही, नुसती धग पोचते. एक तुराटी आत टाकली नाही. हात शिवशिवत होते तर मांडीखाली दाबून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचं पूर्ण ऐकलं. आणि झालं काय? बटाटे शिजले, पण एकमेकांना अनोळखी असल्यासारखे बसलेले. रस्सा पाण्यासारखा. येसर तळाशी. तर्रीचं नाव नाही. दिपानं भाकरी बुडवली, वास घेतला आणि ताट सरकवलं. ‘काकू, नका कष्ट घेऊ,’ म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

मी मडकं घासायला घेतलं तेवढ्यात पुढून आबांची हाक आली. मी पदर सावरून ओसरीवर गेले. आबा माळ ओढत बसलेले.

‘सुमन, आज मागं लई सामसूम हाय.’

‘मडकं लावलं होतं आबा.’

‘मडकं?’ त्यांनी मान वर केली. ‘मंग आवाज कसा न्हाई?’

‘कशाचा आवाज?’

‘अगं, तुमच्या भांडणाचा! त्याबिगर ते मडकं कधी उतरलंय का? मी हितं बसून समजून घ्यायचो. तू म्हणायची लावा, ती म्हणायची ओढ. तू लावा, ती ओढ. मंग ती दमली की वास यायचा. तवा मी म्हणायचो, आता भाकरी टाका म्हणावं.’

ज्या माणसानं जन्मात त्या मडक्यातला थेंब चाखला नाही, त्याला ते कसं शिजतं हे पाठ होतं! अक्का, मी तिथंच उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी लाकूड सारायची तेव्हा उकळी यायची, बटाटे एकमेकांवर आपटायचे, त्यांच्या कडा फुटायच्या आणि रस्सा दाट व्हायचा. तुम्ही ओढायच्या तेव्हा तेच फुटके बटाटे गप बसून तोच रस्सा प्यायचे. पुन्हा उकळी, पुन्हा गप. उकळी माझी, धग तुमची. इतकी वर्षं गाव ज्याला कौसाबाईचं मडकं म्हणत होतं ते आपल्या भांडणात शिजत होतं! मी आबांच्या पाया पडले. ते गोंधळून म्हणाले, ‘आता काहून पाया पडून राहिली?’

माझा आनंद चुलीपाशी गेल्यावर संपला. कारण एकटीनं भांडता येत नाही. मी करून बघितलं, खोटं कशाला सांगू. लाकूड स्वतःच सारलं, स्वतःच ओढलं, ‘काहून एवढा जाळ करून राहिली’ असं तुमच्या आवाजात म्हणूनही बघितलं. पण ओढायचं कधी, हे मला कधी कळलंच नव्हतं. ते तुमचं काम होतं. मला नुसतं सारायचं माहीत. तुम्हाला कुठून कळायचं? मडक्याच्या आवाजावरून? वासावरून? विचारायचं राहून गेलं. तुम्ही होता तेव्हा वाटायचं, तुम्ही नुसता हट्ट करता.

आज दुपारी पुन्हा मडकं चढवलं. दिपाची बाज मुद्दाम मागच्या दाराशी आणून टाकली, म्हटलं वारा तरी लागेल. आणि माझ्या नेहमीच्या सवयीनं तुराट्या सारत सुटले. भडका उडाला. मडकं खदखदायला लागलं. बाजेवर हालचाल झाली.

‘काकू, काहून जाळून राहिल्या? करपंल ना ते!’

‘न्हाई करपत. तू पड.’

‘पड काय! ओढा ते लाकूड!’

‘मी न्हाई ओढत. ज्याला ओढायचंय त्यानं यावं.’

आणि ती आली, अक्का! जी पोरगी बाजेवरून उठताना भिंत धरत होती, ती एक हात कमरेवर ठेवून, पाटावर टेकली आणि तिनं जळतं लाकूड फर्रकन बाहेर ओढलं. अगदी तुमच्यासारखं, मनगट वाकडं करून. मडकं शांत झालं. मी थोडा वेळ थांबले आणि लाकूड आत सारलं. तिनं ओढलं. मी सारलं. आणि मग तिचा बांध फुटला.

‘आईचं बी कधी ऐकलं न्हाई तुमी! कधीच न्हाई! रोज सांगायची ती, रोज! आता मी सांगून राहिले तर माझं बी न्हाई!’

‘न्हाई ऐकलं. अन् ऐकणार बी न्हाई!’ माझाही आवाज चढलेला, डोळ्यांतून धारा, धुराच्या का कशाच्या ते मला माहीत नाही. ‘तुझ्या आईनं तरी माझं कुठं ऐकलं? जाताना सांगून गेली का मला? लाकूड कधी ओढायचं ते तरी सांगितलं का?’

दिपा रडायला लागली. इतक्या दिवसांचं सगळं. मोठ्यानं, गळा काढून, ‘आई गं, आई गं’ करत. मी तिला जवळ ओढली. पण अक्का, तुमची लेक ती तुमचीच! डोकं माझ्या खांद्यावर, हुंदके चालू, आणि एक हात चुलीतल्या लाकडावर. मी हळूच सारायला गेले की ओढून घ्यायची. रडता रडता ओढायची! मी हसायला लागले. तीही मग हसली, रडता रडताच. मडकं आपलं उकळत होतं, निवत होतं, उकळत होतं.

पुढून आबांची हाक आली, ‘सुमन! भाकरी टाक आता!’

पुढचं तुम्हाला वर सांगितलंच. दिपा जेवत होती. मी तिच्या समोर बसून राहिले आणि तिचा प्रत्येक घास खाली उतरताना बघत राहिले. माझ्या बाळंतपणात तुम्ही अशाच माझ्यासमोर बसला होता. मला आई नव्हती, आणि गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, जाऊ कधी जावेचं बाळंतपण करते का? तुम्ही नुसतं माझ्या ताटात वाढत राहिलात. त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलले नव्हते. आपल्यात असं बोलायची रीत नव्हती. आज बोलते. अक्का, तुम्ही होता म्हणून मी या घरात राहिले, शिकले, नोकरीला गेले, माणसात आले. तुमचा उपकार फिटायचा नाही आणि मला तो फेडायचाही नाही. तुमची लेक मी बाळंत करीन, तिच्या ताटात वाढीन, तिच्या लेकराला तेल लावीन. त्याची काळजी तुम्ही आता करू नका.

पण जाळाबाबत तुमचं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. तेवढं मागू नका.

मडकं धुऊन खुंटीला लावायला उठले तर दिपानं माझा पदर धरला. तोंड अजून रश्श्यानं तिखट झालेलं, नाक लाल.

‘काकू, उद्या बी हेच करा,’ ती म्हणाली. ‘पण उद्या जाळ माझ्या मनासारखा. माझं ऐकायचं. बराबर?’

‘न्हाई,’ मी म्हणाले. ‘न्हाई ऐकणार.’